सोपानतात्यांची डबी

सोपानतात्या कुणाच्याही घरी गेले की पाणी मागत नाहीत, तब्येत विचारत नाहीत. उंबऱ्यात उभं राहून, मान तेवढी आत घालून एकच प्रश्न विचारतात, "घरात एखादा मेलेला हाय का?"

मेलेला म्हणजे कम्प्युटर. पण तो शब्द त्यांनी केव्हाच गाळून टाकलाय. आमच्या राजुरी गावाला आता सवय झाली आहे. लोक आतूनच "न्हाई तात्या, सगळे जित्ते हायेत" असं ओरडतात आणि दार लोटून घेतात. नव्या माणसाचं मात्र अवघड होतं. गेल्या वर्षी आमच्या आळीच्या टोकाला नाशिककडची सून आली. सासूबाई आत तापाने पडलेल्या. तात्यांनी उंबऱ्यातून विचारलं, "मेलेला हाय का कुणी?"

"नाही हो," ती पोर घाबरून म्हणाली, "नुसता ताप आहे."

"ताप म्हंजी फॅन गेला आसल. धूळ बसती आत. खोलून बघू का?"

तिने दार लावलं ते नवरा शेतावरून येईपर्यंत उघडलं नाही.

मला हा माणूस आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी इथल्या हायस्कुलात शिकवतो, आणि माझं घर तात्यांच्या बरोबर समोर आहे. मधे एक बोळ. म्हणजे सकाळी मी दात घासायला बाहेर आलो की समोर तात्या असतात, आणि मी कपडे वाळत घालायला गेलो की तिथेही तात्याच. इतकी वर्षं एखाद्याला इतक्या जवळून बघितल्यावर आदर टिकणं कठीणच.

तर डबी. चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी, काळ्या ॲल्युमिनियमची, चपटी. लॅपटॉप मेला की त्याच्या पोटातली हार्डडिस्क काढायची, ह्या डबीत सरकवायची, दोन बारीक स्क्रू पिळायचे, आणि डबीची वायर दुसऱ्या धडधाकट कम्प्युटरला लावायची. मेलेल्यातलं सगळं जिवंत कम्प्युटरवर दिसतं. संपलं शास्त्र. आळेफाट्यावर मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ही डबी मिळते. पण तात्या ती अशी काही बाहेर काढतात की जणू यांनीच ती समुद्र घुसळून वर आणली. शर्टाच्या खिशात डबी आणि खिशातून लोंबणारी वायर. लांबून बघणाऱ्याला वाटावं डॉक्टर आले. टेबलावरच्या कम्प्युटरची डिस्क मोठी असते, तिला वेगळी वीज लागते, म्हणून तिच्यासाठी जाडजूड डबा आणि त्याचा ॲडॅप्टर. तो पिशवीत. डबीवाचून तात्या संडासलाही जात नाहीत, असं माझी बायको म्हणते. मी खात्री करून घेतलेली नाही.

तात्या टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा तालुका त्यांनी खांबावर चढून बघितलेला. पुढे मोबाईल आले, लोकांनी घरातले फोन काढून टाकले, आणि खांबांबरोबर तात्याही रिकामे झाले. तेव्हापासून वायर नसलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा राग आहे. आळेफाट्याच्या चहाच्या टपरीवर एकदा एका बँकेतल्या पोराने त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की आजकाल फोटोबिटो सगळं क्लाउडवर ठेवतात.

"क्लाउड म्हंजी ढगच ना?" तात्या म्हणाले.

"हो, म्हणजे तसंच."

"मंग ढग कुनाच्या मालकीचा?"

तो पोरगा चहा अर्धा टाकून उठला. तात्यांनी मात्र हा वाद जिंकला असं धरून उरलेल्या सगळ्या टपरीला ऐकवलं, "वायर दिसली पायजे, राव. वायर न्हाई तर इस्वास न्हाई. वस्तू कशी हातात पायजे!" आणि डबी काढून शेजारच्या पाव्हण्याच्या हातात दिली. पाव्हणा कांदे घेऊन आलेला, त्याला वाटलं काही विकायला आहे. त्याने ती परत केली तर तात्यांना राग आला.

डिस्क डबीत घातली, वायर लावली, की तात्या डबी कानाला लावतात. डोळे मिटतात. आत काहीतरी बारीक घुं करत फिरत असतं. "फिरतंय," ते पुटपुटतात. "जीव हाय." मग ती तुमच्या कानाला लावतात. तुम्ही "हो, फिरतंय" म्हणेपर्यंत हात खाली घेत नाहीत. माझ्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या कानाला तात्यांनी एकदा डबी लावली आणि म्हातारा भिडेखातर तसाच बसून राहिला. शेवटी तो म्हणाला, "हॅलो."

वायर काढायच्या आधी मात्र मोठा सोहळा. कम्प्युटरला सांगायचं की आम्ही आता निघतो, त्याने 'आता सुरक्षित आहे' असं म्हणायचं, मगच वायर ओढायची. इथपर्यंत ठीक. पण तात्यांनी ही रीत आयुष्याला लावली. कुणाच्या घरून उठताना ते "येतो" म्हणत नाहीत, "सेफली निघतो" म्हणतात, आणि घरमालकाने "निघा" म्हणेपर्यंत दारात थांबतात. न म्हटलं तर परत येऊन बसतात.

आणि एवढं करून त्यांना यातलं फारसं कळतं, असंही नाही. पलीकडच्या वस्तीवर बाळासाहेबांच्या उसाला लागून बिबट्या फिरत होता. आमच्याकडे बिबट्याचं कुणाला नवल नाही, पण कुत्रं गेलं तेव्हा बाळासाहेबांना वाटलं, दारावरच्या कॅमेऱ्यात काय आलंय ते बघावं आणि वनखात्याला दाखवावं. त्यासाठी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगचं खोकं टीव्हीला जोडलं की काम होत होतं. पण तोवर तात्या पोचले. त्यांनी खोकं खोललं, आतली डिस्क उपटली, डब्यात घातली आणि बाळासाहेबांच्या मुलाच्या लॅपटॉपला लावली. त्या खोक्याची लिहिण्याची तऱ्हाच वेगळी असते, लॅपटॉपला ती वाचता येत नाही. पडद्यावर काहीच दिसेना. तात्यांनी डबा कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि निकाल दिला.

"फिरतंय चांगलं. पर तुमचा बिबट्या करप्ट झालाय."

"करप्ट म्हंजी?" बाळासाहेबांनी विचारलं.

"म्हंजी आला आसल. पर धरायचा न्हाई."

धरायचा नाही त्या बिबट्याने दुसऱ्याच दिवशी तात्यांच्या दारातून मंदावहिनींची तुरेवाली कोंबडी उचलली. मंदावहिनी म्हणजे तात्यांच्या पत्नी. फार बोलत नाहीत. त्या दिवशी पिसं गोळा करत एवढंच म्हणाल्या, "आता त्येला डबीत घाला."

मंदावहिनींबद्दल मला सहानुभूती आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात स्टीलचे डबे ओळीने मांडलेले आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत हार्डडिस्का आहेत. लोकांना हवं ते काढून दिलं की मेलेली जुनी डिस्क तात्या मागून घेतात. "तुमी टाकूनच देनार की." मग बनियनच्या चिंधीत गुंडाळून ती डब्यात जाते. रव्याच्या डब्यात आळे गावच्या, पोह्यांच्या डब्यात राजुरीच्या, साखरेच्या मोठ्या डब्यात जुन्नरच्या. एकदा वहिनी आमच्याकडे वाटीभर रवा मागायला आल्या. मी म्हटलं, "कालच तर आणलात." त्या म्हणाल्या, "आनलाय, पर ठिवू कुठं? पिशवीला मुंग्या लागल्या."

दुपारी जेवण झालं की तात्या एकेक डिस्क काढून डबीत घालतात आणि बघत बसतात. काय बघतात? लोकांचे वाढदिवस. बारशी. वास्तुशांती. कुणाच्या पोराचा शाळेतला नाच. ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही अशा घरांतले फोटो हा माणूस दुपारभर बघतो, आणि वर ते लक्षात ठेवतो. आळेफाट्याच्या एसटी स्टँडवर एक उंचापुरा तरुण होणाऱ्या सासऱ्यांना बसमध्ये बसवून द्यायला आला होता. तात्या सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे. "तू संत्या ना रं? तू तुज्या बड्डेला केकमदी तोंड घातलं व्हतं. आन मंग चड्डीत..." पुढचं मी लिहीत नाही. तो सासरा बसमध्ये बसला खरा, पण खिडकीतून त्याने जावयाकडे पाहिलं नाही. मी तात्यांना म्हटलं, "असं लोकांच्या घरात न बोलावता शिरणं बरं नव्हे." तात्या म्हणाले, "मी कुठं शिरलो? त्येंनीच डिस्क दिली." कायद्याने ते बरोबर असतीलही. मला ते किळसवाणं वाटत होतं आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. त्यांनी डबी काढून माझ्या कानाला लावली.

आता त्यांच्या भावाचं सांगायला हवं. किसनदादा हे तात्यांचे थोरले बंधू. बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर आहे आणि मागे टोमॅटो-वांग्यांच्या रोपांची नर्सरी. दादा म्हणजे वजनदार माणूस, बोलणं मोजकं, गावात शब्दाला मान. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा कुणाचा आवाज चढला नाही, अशी गावात ख्याती. तात्यांना मूलबाळ नाही. दादांची मुलगी कोमल ही लहानपणी जेवायला तेवढी दादांकडे असे, बाकी वेळ ह्यांच्याकडे. तात्या तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे आणि वाटेत टेलिफोनच्या खांबांची माहिती द्यायचे. पोरगी तरीही हुशार निघाली.

एका सकाळी दादांचा नर्सरीचा कम्प्युटर चालू होईना. ऐन रोपांच्या हंगामात. कुणाला कुठल्या वाणाची किती रोपं, कुठल्या दिवशी द्यायची, सगळं त्यात. दादा पुण्याहून माणूस बोलावणार होते. पण तात्यांना घरात मेलेला आहे म्हटल्यावर दम कुठला निघतोय? दादा नर्सरीत गेलेले बघून ते आत शिरले, डिस्क काढली, डब्यात घातली आणि कोमलच्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. कुठलाही शहाणा माणूस तिथे हात मागे घेतो. तात्यांनी 'हो' दाबलं. मग त्याने पुन्हा विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की ना? तात्यांनी पुन्हा 'हो' दाबलं.

"आरं, पर दाबलंस कशापायी?" दादांनी विचारलं तेव्हा सगळी आळी दारात जमली होती. मीही होतो.

"दादा, त्यो येवढा इचारीत व्हता," तात्या म्हणाले. "आपुन न्हाई कसं म्हनायचं?"

मला हसू आवरलं नाही. दादा हसले नाहीत. त्या हंगामात नर्सरीच्या फाटकावर रोज भांडणं झाली. ज्याला वांगी हवी त्याला टोमॅटो मिळाले, ज्याला आज हवे त्याला पंधरवड्याने. एक जुना गिऱ्हाईक दादांच्या अंगावर धावून गेला. उभ्या आयुष्यात दादांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या संध्याकाळी दादा बोळात आले, तात्यांच्या दारासमोर उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "सोपान, आजपास्नं माज्या घराला पाय लावायचा न्हाई. कसल्याबी कारनाला न्हाई."

तात्या "बरं" म्हणाले.

मला वाटलं, चार दिवसांनी निवळेल. निवळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोमलचं लग्न निघालं. पत्रिका सगळ्या गावाला गेल्या. माझं त्यांच्याशी नातं शून्य, तरी मला सहकुटुंब, सहपरिवार. बोळातल्या प्रत्येक घरी वाटत वाटत दादांचा माणूस आला आणि एक दार सोडून पुढे गेला. लग्नाच्या दिवशी आम्ही नटूनथटून आळेफाट्याच्या कार्यालयात निघालो तेव्हा मंदावहिनी दारात गहू निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "तात्या कुठेत?"

"डिंभ्याला गेल्यात. कुनाचा तरी मेलाय म्हनं." त्यांनी मान वर केली नाही.

सख्ख्या पुतणीचं लग्न, आणि हा गृहस्थ धरणाच्या कुशीतल्या गावात कुणाचा तरी कम्प्युटर खोलायला गेला. बरं, डिंभ्याच्या एसटीचा काही भरवसा नाही. गेला की दिवस गेला. मी कार्यालयात पंगतीला बसल्यावर हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले. दादा पलीकडून वाढप्यांना सूचना देत होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही.

हे दोघे भाऊ आजही बोलत नाहीत. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी गोड शेवटाची वाट बघणार नाही.

कोमल सासरी नांदू लागली. दोन-तीन वर्षं गेली. मग यंदा दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी दादांच्या पत्नी, शेवंतावहिनी, मागच्या दाराने आमच्याकडे आल्या. पदराखाली टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. आमच्या सौ.ला वाटलं फराळ आहे. उघडलं तर हार्डडिस्क.

झालं असं होतं, की वीज कमीजास्त होऊन त्यांचा घरचा कम्प्युटर जळाला होता. कोमलच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्यात. पेनड्राइव्ह कुठे गेला ते कुणालाच आठवत नव्हतं. शूटिंग करणाऱ्या जुन्नरच्या रफिकभाईंकडे चौकशी केली, तर त्यांनी हळहळून सांगितलं की इतक्या वर्षांचं ठेवायला जागा कुठून आणू, गेल्या साली पुसलं. फाट्यावरचा रिपेअरवाला म्हणाला, ठेवून जा, पुण्याला पाठवतो. दादा म्हणाले, जाऊ द्या, लग्न झालं ना, मग शूटिंग काय चाटायचंय. आणि कोमल बाळंतपणाला आलेली, ती वरच्या खोलीत रडत बसलेली.

"मास्तर, तुमी भावोजींना दावा की," शेवंतावहिनी म्हणाल्या. "पर आमच्याकडची म्हनू नगा. ह्यांना कळलं तर मला घरात घेनार न्हाईत. आन भावोजींना कळलं तर त्ये हात लावनार न्हाईत."

"आणि त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं तर?"

वहिनींनी डिस्क परत टॉवेलात गुंडाळली. मग म्हणाल्या, "तुमी जवळ बसा."

अशा रीतीने सुट्टीतली एक चांगली दुपार माझ्या गळ्यात पडली. मी बोळ ओलांडला. तात्या बनियनवर, चटईवर बसून कुणाची तरी वास्तुशांती बघत होते. मी डिस्क पुढे केली.

"कुनाची?"

"माझ्या मेव्हण्याची. नारायणगावच्या."

"कसा मेला?"

"विजेने."

"मंग डिस्क जगली आसल," तात्या म्हणाले आणि पिशवीतून डबा काढला. डिस्क आत बसवली, स्क्रू पिळले, ॲडॅप्टर लावला, डबा कानाला धरला. "फिरतंय." मीही ठरल्याप्रमाणे ऐकून "फिरतंय" म्हटलं. मग वायर त्यांच्या कम्प्युटरला लावली. चौकट-बिकट काही आली नाही. डिस्क सरळ उघडली. खरं म्हणजे हे काम फाट्यावरच्या कुणीही चहा पिता पिता केलं असतं.

पडद्यावर पिवळे फोल्डर आले. एकावर नाव होतं 'नर्सरी'. दुसऱ्यावर 'कोमल लग्न'.

शेवंतावहिनींनी आणि मी सगळं ठरवलं होतं, फक्त फोल्डरला नाव असतं हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तात्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मेव्हन्याच्या पोरीचं नाव बी कोमलच का?"

"हो," मी म्हटलं.

"आन त्येंची बी नर्सरीच?"

"हो."

"बरं," तात्या म्हणाले. "आसतं आसं. एकसारकी मान्सं आसत्यात."

त्यांनी दुसरी डिस्क काढली आणि कॉपी लावली. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. एरवी ह्या वेळात तात्या ढगापासून वायरपर्यंत सगळं व्याख्यान देतात. आज गप्प. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. आत मंदावहिनींची भांडी वाजत होती.

कॉपी झाली. मी हात पुढे केला. "द्या. निघतो."

"थांबा की. नुसतं कॉपी झालं म्हंजी चालतं आसं न्हाई. चालवून बघाया पायजे."

"सुरुवात बघा आणि द्या."

"सुरवात सगळ्यांचीच चालती, मास्तर. मधी कुटंतरी लावून बघायचं आसतं." त्यांनी माउसवर हात ठेवला आणि परत उचलला. बनियनला तळवा पुसला. "तुमी धरा. माजा हात बराबर न्हाई आज."

मी वैतागूनच माउस घेतला. फाईल उघडली आणि खालची पट्टी ओढून मधे कुठेतरी सोडली.

खोलीत एकदम मंगलाष्टका घुमल्या. आवाज मोठा ठेवलेला, भटजींचा सूर खणखणीत. कार्यालय खचाखच भरलेलं. मधे अंतरपाट, अलीकडे कोमल, हातात हार, मुंडावळ्यांतून खाली बघणारी. बाजूला दादा. फेटा जरा कलता झालेला, आणि तो सरळ करायचं भान नसलेला. कॅमेरा पाहुण्यांवरून फिरला, तर तिसऱ्या रांगेत मीच उभा, शेजाऱ्याच्या कानाला लागून काहीतरी सांगतोय आणि दोघेही हसतोय. तात्यांनी मलाही पाहिलं असणार.

मग ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, कसेबसे. मला वाटलं आत जातायत. पण ते खुंटीपर्यंतच गेले, टोपी काढून डोक्यावर ठेवली, शर्ट अंगात घातला, वरची गुंडी लावली आणि परत येऊन पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी चटईवर तसाच. त्यांनी माझ्याकडे न बघता, कार्यालयात शेजारच्याला सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं, "उभं ऱ्हावा की, मास्तर. लगीन लागतंय."

मी उभा राहिलो.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती. आवाज ऐकून मंदावहिनी दारात आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत वळल्या. आल्या त्या मुठीत तांदूळ घेऊन. साधेच, पांढरे, कुंकू लावायला वेळ कुठला. थोडे त्यांनी तात्यांच्या हातावर घातले, थोडे माझ्या. स्वतः पदर डोक्यावर घेतला.

"सावधान" म्हटलं की तात्या हात उचलत आणि दोन दाणे टाकत. सगळे एकदम टाकले नाहीत, शेवटच्या अष्टकापर्यंत पुरवले. दाणे पडद्यावर टकटक आपटून खाली डब्यावर आणि कीबोर्डवर पडत होते. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली, तिकडे टाळ्या झाल्या. इकडे मंदावहिनींनीही टाळ्या वाजवल्या. कोमलने हार घातला आणि मान वर करून गर्दीत कुठेतरी पाहिलं. सगळ्याच नवऱ्या मुली तसं बघतात, त्यात विशेष काही नसतं. मी तात्यांकडे पाहायचं टाळलं.

पडद्यावर लोक जेवायच्या मांडवाकडे सरकू लागले. तात्या सावकाश खाली बसले. टोपी काढली नाही. मंदावहिनीही त्यांच्या शेजारी चटईवर टेकल्या, पडद्यातल्या शेवंतावहिनींच्या शालूकडे निरखून बघत.

मी म्हटलं, "चालतंय सगळं, तात्या. बंद करू?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "जरा मागं घ्या, मास्तर. आमाला याया उशीर झाला."